राऊंच्या काळात पेटी नव्हती

माळव्यातल्या मराठी घरांना थोरल्या बाजीरावांची ओळख करून द्यावी लागत नाही. नोव्हेंबर १७२८ मध्ये अमझेऱ्याला चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याच्या मोगल सुभ्याचे कंबरडे मोडले. जानेवारी १७३८ मध्ये दोराहा सराईच्या तहात निजामाने माळवा मराठ्यांकडे देण्याचे कबूल केले. या दोन तारखांच्या मधल्या दहा वर्षांत होळकर, शिंदे, पवार या घराण्यांचे पाय इकडे रोवले गेले आणि त्यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, भटजी, वैद्य अशी आपली सगळ्यांची खापरपणजोबा मंडळी नर्मदा ओलांडून आली. राऊंचा शेवटही आपल्या उंबऱ्यापाशीच झाला. खरगोन जिल्ह्यात नर्मदेच्या काठी रावेरखेडीला २८ एप्रिल १७४० रोजी त्यांनी देह ठेवला. वय अवघे एकोणचाळीस. त्यांची समाधी पाहायला इंदूरहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळच्या आरतीला घरी परत येतो.

त्यामुळे यंदाच्या उत्सवात ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ या कादंबरीतील निवडक भागांचे अभिवाचन करायचे ठरले, तेव्हा कोणाचाही विरोध नव्हता. १९७२ साली आलेली ही कादंबरी आपल्याकडे बहुतेक घरांत एकदा तरी वाचली गेली आहे. इंदूरकरांना इनामदार तसेही जवळचे, कारण यशवंतराव होळकरांवरची ‘झुंज’ त्यांचीच. उतारे निवडले, वाचक ठरले, मधले निवेदन लिहून झाले. वाद सुरू झाला तो संगीतावरून.

अभिवाचनाला पार्श्वसंगीत हवे, यावर एकमत होते. दोन तास नुसता माणसाचा आवाज ऐकायची सवय आता उरलेली नाही. पण कोणते संगीत? आमच्या पाच जणांच्या समितीकडे आठवडाभरात सूचनांचा ढीग जमला. प्रत्येक सूचना मनापासून केलेली होती आणि प्रत्येकीत एक गोड चीज होती. शनिवारवाड्याच्या प्रवेशाला नाट्यपद घ्या, पेटीवर सुरेख वाजेल. पुण्याच्या रंगेल वातावरणासाठी बैठकीची लावणी घ्या. मस्तानीच्या प्रवेशाला घुंगरू आणि ठुमरी. चांदण्या रात्रीला संतूर. आणि तरुण मंडळींकडून अर्थातच २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटातली गाणी. तो चित्रपटही ‘राऊ’वरच बेतलेला, मग वेगळे संगीत शोधायचेच कशाला, असा त्यांचा सरळ प्रश्न.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाला आम्ही शोधलेले उत्तर आहे. कार्यक्रमाला येण्याआधी वाचकांनी ते वाचावे, म्हणजे कानावर काय पडते आहे आणि काय मुद्दाम पडत नाही, हे दोन्ही कळेल.

वर्षांचा हिशेब

प्रथम आम्ही सूचनांसमोर साल लिहून काढले. हे काम कंटाळवाणे वाटते, पण त्यातून बऱ्याच गोष्टी आपोआप निकालात निघाल्या.

पेटी, म्हणजे हार्मोनियम. तिचे पेटंट पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले गेले. म्हणजे राऊंच्या मृत्यूनंतर एकशे दोन वर्षांनी. आपल्याकडे मांडी घालून वाजवायची पेटी रूढ झाली ती त्याच्याही पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नाट्यसंगीताचा जन्म तर सगळ्यांना पाठ असतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले. राऊ जाऊन तेव्हा एकशे चाळीस वर्षे झाली होती. नाट्यपद ऐकले की आपल्याला पेशवाई आठवते, कारण ऐतिहासिक नाटके आपण त्या सुरांत पाहिली. आठवण खरी आहे, पण ती नाटकगृहाची आहे; शनिवारवाड्याची नव्हे.

लावणीचे तसेच. ज्या शाहिरांची नावे आपण अभिमानाने घेतो ते अनंतफंदी, राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर हे सगळे उत्तर पेशवाईतले. अनंतफंदींचा जन्म १७४४ च्या सुमाराचा मानतात. म्हणजे शाहिरांच्या या मांदियाळीतले थोरले नावसुद्धा राऊंच्या हयातीत जन्माला आलेले नव्हते. होनाजींची भूपाळी आपल्याला १९५१ च्या ‘अमर भूपाळी’ चित्रपटामुळे इतकी ओळखीची झाली आहे की कोणत्याही पेशवाईच्या पहाटेला ती चालेल असे वाटते. ती सवाई माधवरावांच्या आणि दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्याची पहाट आहे. थोरल्या बाजीरावांचे पुणे वेगळे होते. शनिवारवाड्याचे बांधकामच मुळी १७३० साली सुरू झाले. गाव लहान, आणि धनी वर्षातले बरेच महिने घोड्यावर.

ठुमरी म्हटली की लखनौ आणि वाजिद अली शाह, म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा मध्य. संतूर काश्मीरमध्ये सूफियाना मैफलीत जुने आहे, पण हिंदुस्थानी रागसंगीतात ते आले १९५० च्या दशकात. चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात विरहाला हटकून लागणारे चारुकेशी आणि कीरवाणी हे राग दक्षिणेतून उत्तरेत रुळले ते विसाव्या शतकात. गणपतीचा म्हणून आपण जो हंसध्वनी ऐकतो, त्याचे श्रेय रामस्वामी दीक्षितरांना देतात. त्यांचा जन्म १७३५ चा. राऊ गेले तेव्हा ते पाच वर्षांचे होते आणि तेही दूर तमिळ मुलुखात.

ग्वाल्हेरची ख्यालगायकी आपली म्हणावी इतकी आपल्यात मिसळली आहे. पण ती महाराष्ट्रात नेली बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी, ग्वाल्हेर परंपरेतल्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकून, आणि बुवांचा जन्म १८४९ चा. म्हणजे तीही गोष्ट राऊंच्या नंतर शंभरहून अधिक वर्षांची.

मग होते तरी काय?

ही यादी वाचून एक सदस्य वैतागून म्हणाले, “मग त्या काळात लोक काय मुके होते?” प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर शोधताना खरी मजा आली.

दिल्लीपासून सुरुवात करू. बाजीरावांची पेशवाई १७२० ते १७४०. बादशहा मुहम्मदशाह रंगीला याची कारकीर्द १७१९ ते १७४८. म्हणजे दोघे अगदी समकालीन. याच मुहम्मदशाहाच्या दरबारात बीनकार नियामत खाँ, म्हणजेच सदारंग, होते. आजही ख्याल शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वहीत सदारंगांची बंदिश असते आणि त्यात बादशहाचे नावही गुंफलेले असते. मार्च १७३७ मध्ये राऊंनी थेट दिल्लीच्या वेशीवर धडक मारली, तेव्हा शहरात ही मंडळी गात-वाजवत होती. त्यानंतर लवकरच निजामाच्या लवाजम्यातून दर्गाह कुली खाँ हा दख्खनचा तरुण सरदार दिल्लीत राहिला. त्याने तिथल्या गवयांची, वादकांची, नर्तकींची जी शब्दचित्रे लिहून ठेवली, ती ‘मुरक्का-ए-देहली’ म्हणून प्रसिद्ध आहेत. दोराहा सराईला राऊंपुढे नमते घेणारा निजाम तोच. इतिहासाचे धागे असे जवळून जातात.

तेव्हा बीन होती, तंबोरा होता, पखवाज होता, सारंगी होती. दरबारी गाण्यात धृपदाचा मान मोठा होता आणि ख्याल पुढे येत होता. तबला नुकता कुठे दिल्लीत बाळसे धरू लागला होता. भैरव, तोडी, सारंग, केदार, मल्हार, कानडा, श्री ही रागनामे तेव्हाही चलनात होती. त्यांचे रूप अडीच-पावणेतीनशे वर्षांत बदलले हे खरे. पण नाव आणि वेळ यांचे नाते जुने आहे.

महाराष्ट्रात काय होते? पोवाडा होता. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा १६५९ च्या प्रसंगावरचा. तेव्हा डफ-तुणतुण्याची परंपरा राऊंच्या आधीची आहे. कीर्तन होते, वीणा, टाळ, मृदंग यांसह. गोंधळ होता, संबळ होते. समर्थांच्या आरत्या आणि मनाचे श्लोक घराघरांत पोचले होते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर आजही नगारखाना उभा आहे. सनई आणि चौघडा ही वाड्याची घड्याळेच होती. फौजेबरोबर नगारे, कर्णे, शिंगे होती. आणि या सगळ्यांच्या खाली, कोणी लिहून न ठेवलेले, बायकांचे गाणे होते: जात्यावरच्या ओव्या, पाळणे, मंगळागौरीचे खेळ.

एवढे सगळे हाताशी असताना पेटीवाचून अडायचे कारण उरले नाही. पण पेटी वाजवणारे अडले, त्याविषयी पुढे.

कथेतला सूर आणि कथेबाहेरचा सूर

केवळ साल पाहून संगीत निवडले तर कार्यक्रम संग्रहालयासारखा होतो. श्रोते आजचे आहेत, त्यांच्या मनात काही हलले पाहिजे. म्हणून आम्ही एक साधा नियम केला. कथेतली माणसे जो आवाज ऐकतात तो एक आणि केवळ श्रोत्यांनी ऐकायचा तो दुसरा. वाड्यावर चौघडा झडतो तो राऊंच्याही कानी पडतो. तिथे त्या काळाशी प्रामाणिक राहायचे, सूट नाही. पण उतारा संपल्यावर मनात जे रेंगाळते त्यासाठी वाजणारा सूर आपला असतो. तिथे आजची चाल, आजचा राग चालेल. अट एकच, तो सूर खोटी माहिती देणारा नसावा.

हा नियम ठरला आणि पेटीचा तिढा सुटला. आमच्या मंडळाचे पेटीवादक काका चाळीस वर्षे आरतीला साथ करीत आले आहेत. वर्षांचा हिशेब त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे त्या दिवशी आम्ही घरी बसायचं का?” कोणालाच उत्तर सुचेना. इतिहासाचा आग्रह धरताना हातचा माणूस दुखावायचा हे काही गणपतीसमोर शोभणारे नव्हे.

मार्ग काकांनीच काढला. अभिवाचनाच्या मध्ये निवेदक येतो, तारखा सांगतो, तह सांगतो, आजची रावेरखेडी सांगतो. तो निवेदक आजचा माणूस आहे. त्याच्या मागे पेटी वाजू द्या आणि कादंबरीचा उतारा सुरू झाला की पेटी बंद करा, असे त्यांनी सुचवले. किती सोपे होते! श्रोत्यांचा कान दहा मिनिटांत हे शिकेल: पेटी ऐकू आली की आपण इंदूरमध्ये आहोत; पेटी थांबून तंबोरा उरला की आपण राऊंच्या काळात गेलो. वेगळे दिवे नकोत, पडदा नको. काळाचा उंबरठा काकांच्या भात्यावर ठरणार आहे.

घुंगरांचा प्रश्न

आता ज्या मुद्द्यावर सर्वांत जास्त बोलणे झाले त्याकडे वळतो. मस्तानींच्या पहिल्या प्रवेशाला काय वाजवायचे?

घुंगरू आणि ठुमरी ही सूचना सालाच्या हिशेबात बसत नाही, हे वर आलेच. पण ती तिथेच सोडून देणे बरे नव्हे, कारण खरी अडचण सालाची नाही. या बाईंविषयी आपल्याकडे दोन परंपरा आहेत. पेशव्यांच्या बखरींतून आणि पुढच्या ऐकीव कथांतून त्यांना कलावंतीण म्हटले गेले. बुंदेलखंडाची परंपरा त्यांना महाराजा छत्रसालांची कन्या म्हणते. १७२९ मध्ये मुहम्मद खान बंगशाच्या वेढ्यातून राऊंनी छत्रसालांना जैतपूरला सोडवले आणि त्या नात्यातून मस्तानीबाई पुण्याला आल्या, एवढे दोन्ही बाजूंना मान्य आहे. छत्रसाल हे स्वामी प्राणनाथांचे शिष्य. पन्न्याच्या प्रणामी संप्रदायात कृष्णभक्ती आहे आणि कुराणाचाही आदर आहे. मस्तानीबाई त्या वातावरणात वाढल्या असे बुंदेलखंडात आजही सांगतात.

आता विचार करा. वाचक अजून एक शब्दही बोललेला नाही, आणि अंधारातून घुंगरांचा आवाज आला. निकाल लागला! श्रोत्यांच्या मनात कोठी उभी राहिली, समया उभ्या राहिल्या, एक नाचणारी बाई उभी राहिली. कादंबरीकाराने पुढे पानोपानी काहीही लिहिले असो, ते चित्र पुसले जात नाही. ग्रंथात ज्याला पुरावा मागतात, तेच विधान पार्श्वसंगीत बिनापुराव्याने करून मोकळे होते आणि कोणी हरकतही घेत नाही, कारण ते शब्दांत केलेले नसते.

आपल्या भाषेतही हा पक्षपात आहे. समितीत बोलताना सगळेजण ‘काशीबाई त्या’ म्हणत होते आणि ‘मस्तानी ती’. कोणी ठरवून करीत नव्हते. जिभेचे वळणच तसे. दोघीही राऊंच्या संसारातल्या, दोघींनाही मुलगे. निवेदनात दोघींनाही ‘त्या’ म्हणायचे असे आम्ही ठरवले आणि संगीतातही तोच न्याय लावायचे ठरवले.

तेव्हा मस्तानीबाईंच्या प्रवेशाला घुंगरू नाहीत. नुसता तंबोरा आणि त्यावर बीनेच्या अंगाने वाजवलेली केदाराची संथ आलापी. त्या गात होत्या अशी परंपरा आहेच; गाणे येणे हा कमीपणा नाही, मोठेपणाच आहे. म्हणून पुढच्या उताऱ्यात एक कृष्णपद येईल, ब्रज-बुंदेलीच्या अंगाने, बैठकीचे नव्हे तर पूजेच्या खोलीतले वाटेल असे. त्यांना गाणाऱ्या म्हणून दाखवायचे, पण गाणे कोणासाठी होते हे आपण ठरवून टाकायचे नाही.

काशीबाईंचा पिंगा

काशीबाई या चासच्या जोशी सावकारांच्या लेक. त्यांच्यासाठी सतार घ्यावी, सनई घ्यावी, अशा सूचना होत्या. आम्ही मंगळागौर निवडली आणि तिथे पुन्हा चित्रपट आडवा आला. ‘पिंगा’ म्हटले की तरुण मुलांच्या डोळ्यांसमोर आता नऊवारीतला झगमगता नाच येतो. त्यावर तेव्हा बराच वाद झाला. पेशव्यांच्या घरच्या स्त्रिया अशा नाचत नसत असे अनेकांनी म्हटले. चित्रपटाला त्याचे स्वातंत्र्य आहे. पण पिंगा हा शब्द मुळात कोठला, हे तरी मुलांना कळायला हवे. तो मंगळागौरीच्या जागरणातला खेळ आहे. श्रावणातल्या मंगळवारी रात्री, पुरुष नसलेल्या माजघरात, नव्या सुनांनी आणि जुन्या जाणत्यांनी मिळून खेळायचा. त्यात प्रेक्षक कोणीच नसतात. जी आहे ती खेळणारी.

खेळगाण्यांचे आजचे शब्द काही १७३० सालचे नव्हेत. तोंडी गाणी प्रत्येक पिढीत थोडी बदलतात, तोच त्यांचा जिवंतपणा. पण टाळीची लय, घुमणारा श्वास, एकीने टाकलेली ओळ बाकीच्यांनी उचलण्याची पद्धत या गोष्टी टिकतात. आम्हाला वाद्य नको होते. आठ बायकांच्या टाळ्या आणि पावले हवी होती.

या शोधात आमच्या हाती अनपेक्षित काही लागले. मंडळातल्या सत्तरी-ऐंशीच्या आज्यांना गाणी विचारली तर प्रत्येकीची चाल वेगळी. एकीची सासरची कोकणातली, एकीची देवासची, एकीच्या पिंग्यात चक्क माळवी शब्द आलेले. इथल्या मुली पितृपक्षात शेणाची संजा घालून गाणी म्हणतात, आपल्याकडे भोंडला-हादगा, खानदेशात गुलाबाई. या सगळ्यांच्या चाली अंगणाअंगणांतून एकमेकींत मिसळल्या आहेत. कुमार गंधर्व १९४८ साली आजारपणात देवासला आले आणि खाटेवर पडल्यापडल्या माळव्याची लोकगीते त्यांच्या कानात उतरली, हे आपण कौतुकाने सांगतो. आपल्या घरातल्या बायका ते काम पिढ्यान्‌पिढ्या करीत होत्या. कोणी लिहून घेतले नाही, एवढेच.

जी अकरा गाणी आम्हाला मिळाली त्यांतली चार आता प्रत्येकी एकाच आजीला येतात. त्या आज्या थकल्या की चाल संपली. कादंबरीचे पार्श्वसंगीत शोधायला निघालो आणि आपल्याच माजघरातून काय निघून चालले आहे ते दिसले.

दोन पाळणे

१७३४ साल या कहाणीत फार महत्त्वाचे आहे. त्या एका वर्षी काशीबाईंना रघुनाथराव झाले आणि मस्तानीबाईंना समशेरबहाद्दर. एका घरात दोन पाळणे. एक पुढे राघोबादादा म्हणून इतिहासात आला, दुसरा १७६१ साली पानिपतच्या रणधुमाळीत जखमी होऊन सत्ताविशीतच गेला. त्याच्या वंशजांनी पुढे बांद्याची नवाबी केली.

या ठिकाणी कोणतेही वर्णन न वाचता फक्त दोन गाणी होतील. एक मराठी पाळणा. दुसरे बुंदेलखंडातले सोहर, मूल जन्मल्यावर बायका गातात ते. सोहर गाणाऱ्या बाई शोधायला कुठे दूर जावे लागले नाही. आमच्याच एका सदस्यांच्या शेजारीण टीकमगडच्या; त्यांना सासूकडून आलेले सोहर तोंडपाठ आहे. त्यांनी विचारले, “हमारा गाना आपके गणपति में?” आम्ही म्हटले, गोष्टच अशी आहे की तुमच्या गाण्यावाचून पुरी होत नाही. दोन्ही गाणी एकामागून एक होतील. कोणते आधी, यावर चिठ्ठी टाकली. ती कार्यक्रमातच कळेल.

जैतपूर आणि रावेरखेडी

जैतपूरची धडक निवेदनात आहे. तिथे पोवाडा हवा असे सर्वांना वाटले आणि डफ-तुणतुण्यावर तो होईलही. पण त्याच्या आधी थोडा आल्हा ऐकू येईल. महोब्याच्या आल्हा आणि ऊदल या वीरांची ही गाथा बुंदेलखंडात पावसाळ्यात ढोलकीवर गातात. जैतपूर आज महोबा जिल्ह्यातच आहे. म्हणजे वेढ्यात अडकलेल्या छत्रसालांच्या माणसांनी जी वीरगाथा ऐकली असेल, ती हीच. आधी त्यांची ढोलकी, मग दक्षिणेकडून येत असलेला आपला डफ. दोन्हींची लय एकमेकींना भेटते तिथे राऊ पोचले असे समजायचे. या प्रसंगाचे वर्णन याहून थोडक्यात करणे आम्हाला जमले नसते.

मधल्या राजदरबाराच्या भागाला पखवाज आहे. त्याचा आम्हाला विशेष आनंद आहे, कारण पखवाजाचे नाव काढल्यावर इंदूरने मान वर करावी असा आपला वारसा आहे. एकोणिसाव्या शतकात नानासाहेब पानसे होळकरांच्या आश्रयाला इथेच होते आणि त्यांच्या नावाचे घराणे इथूनच पसरले. साथीचा मुलगा अठरा वर्षांचा आहे. डाव्या पुडीला कणीक लावून आस कशी भरते, हे तो कार्यक्रमानंतर लहान मुलांना दाखवणार आहे.

राहिले रावेरखेडी. शेवटच्या उताऱ्यासाठी सूचना सर्वांत जास्त आल्या: भैरवी, करुण सनई, नर्मदेचे पाणी, स्त्रीचा आलाप. आम्ही काहीच घेतलेले नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीपासून दर प्रकरणाच्या आरंभी चौघडा वाजेल. नौबत हा सत्तेचा श्वास. ती वाजते आहे म्हणजे धनी आहे. शेवटच्या उताऱ्याच्या आरंभी ती वाजणार नाही. तंबोराही थांबेल. वाचक वाचतील आणि श्रोत्यांना जे ऐकू येणार नाही तेच त्या प्रकरणाचे संगीत. राऊंच्या मागून थोड्याच काळात मस्तानीबाईही गेल्या. त्यांची कबर पुण्याजवळ पाबळला आहे. दोघांमधले शेकडो मैलांचे अंतर भरायला कोणताही राग पुरा पडत नाही.

इतर मंडळांसाठी थोडे

देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर, बडोदे येथील मंडळेही असे कार्यक्रम करतात, म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी नोंदवतो. कादंबरीच्या वाचनासाठी प्रकाशकांची किंवा लेखकाच्या वारसांची लेखी परवानगी आधी घ्यावी. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क शाबूत असतात. ध्वनिमुद्रित चित्रपटगीते वाजवण्याचेही हक्क असतात, हे विसरू नये. परंपरेतले संगीत समोर बसून वाजवले तर ही अडचण उरत नाही आणि घरातल्या मुलांना काम मिळते. वाचनाच्या शब्दांखाली गाण्याचे शब्द कधीही ठेवू नयेत, कान दोन्हीकडे फाटतो. आमच्या दोन तासांत संगीत जेमतेम पस्तीस मिनिटे आहे आणि तालमीत तेही कधीकधी जास्त वाटते. पेटी, पखवाज, आज्यांची पावले यांपैकी कशालाही ध्वनिवर्धक फार मोठा लावू नये.

शेवटी एक विनंती. मंगळागौरीची, पाळण्याची, जात्यावरची, संजा-भोंडल्याची जी गाणी तुमच्या घरात अजून म्हटली जातात, ती या दहा दिवसांत मोबाइलवर मुद्रित करून घ्या. गाणारीचे नाव, माहेर, सासर आणि हे गाणे तिने कोणाकडून घेतले, एवढे सुरुवातीला तिच्याच तोंडून बोलवून घ्या. मंडपात आरतीच्या वेळी आमच्यापैकी कोणीतरी असेलच, त्याच्याकडे द्या. चुकले, अर्धे आठवले, मध्येच हसू आले तरी चालेल. पुढे कधी कोणी आपल्यावर कादंबरी लिहिली आणि तिच्या वाचनाला संगीत शोधू लागले, तर त्याला खरे काही सापडले पाहिजे.